दोन चुलींचं तिखट

पौषात शुभकार्य करत नाहीत. मोडकार्याला मात्र पंचांगात कुठे बंदी लिहिलेली नाही, आणि अंबादास सांगावकराला पंचांग त्याच बाजूने वाचायची सवय होती. म्हणून घर मोडल्याचे पंचांना दाखवायला त्याने पौषातलाच दिवस धरला. संक्रांत झाली की स्टेशनाकडच्या नव्या पेठेतल्या जागांचा लिलाव होता. त्याच्या आत सांगावकरांच्या एका घराची दोन घरे झाली आहेत, हे इमारत सभेच्या पंचांनी स्वतःच्या डोळ्यांनी आणि जिभेने ठरवायला हवे होते.

रंकाळ्यावरचे धुके उन्हे वर आली तरी परसातून हलले नव्हते. गिऱ्हाईक यायच्या आधी दुकानदार माल लावतो तसा अंबादास घरभर फिरत होता. दिवाळीनंतर माजघराच्या मधोमध पुरुषभर उंचीची कच्च्या विटांची भिंत घातली होती. अलीकडे अंबादासाची चूल, पलीकडे धाकट्या नृसिंहाची. भांडी वाटली, पाट वाटले, आणि गाय अलीकडे, वासरू पलीकडे अशी न्यायाला शोभणारी आणि गाईला न समजणारी वाटणीही झाली.

भिंत लिलावापुरती होती. असे घरात सगळे म्हणत. घरातले सगळे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणू लागले की हिशेब ठेवणाऱ्याने ती संशयाच्या रकान्यात टाकावी.

इमारत सभा म्हणजे जागा घेऊन, तिथे चाळी-दुकाने उठवून ती विकणाऱ्यांची सभा. प्लेगात माणसे गाव सोडून माळावरच्या झोपड्यांत गेली आणि परत येताना त्यांना जुन्या बोळांत शिरवेना. ही भीती ज्यांनी आधी ओळखली, ते सगळे महाराज विलायतेहून परतले त्या सालापर्यंत सभेत गोळा झाले होते. सभेने पुण्यही बरेच केले. पेठेला रस्ता आणि पाणी मिळावे म्हणून अर्ज लिहिले. चुन्याऐवजी चिखल भरणाऱ्याला दंड केला. गवंड्याची मजुरी कुणाला बुडवू दिली नाही. पण तिचे खरे रूप बघायचे तर लिलावात. तिथे सभासद एकमेकांवर चढत नसत. ज्याची पाळी तो बोली करी, बाकीचे त्या वेळी आभाळातल्या घारी बघत.

पाळी घराला एक. आता घर म्हणजे काय, यावर पहिल्याच वर्षी डोकी फुटायची वेळ आली, कारण चार भावांचे कुटुंब चार पाळ्या मागू लागले. तेव्हा ठरले, एक चूल एक पाळी. ठराव झाला आणि कोल्हापुरात चुलींना ऊत आला. जन्मात न भांडलेले भाऊ वेगळे होऊ लागले. मग सभेने पंच नेमले. ते घरी येत, दोन्ही चुलींवरचे खात, आणि निकाल देत. खोटी चूल सापडली तर सगळे घर सभेबाहेर. बाहेरच्याला भट्टीचा चुना मिळत नसे, गाडीवान मिळत नसे, गवंडी त्याच्या पायाला थापी लावत नसे. सांगावकरांची दोन दुकाने पेठेत छपराविना उभी होती. ती तशीच राहिली असती, आणि लाकडाच्या वखारीतून वर आलेले हे घर पुन्हा वखारीत जाऊन बसले असते.

"नरसू," अंबादास ओसरीवर येऊन म्हणाला, "भांडण कशावरनं झालं म्हणायचं?"

"कुठलं भांडण?"

"आपलं."

"आपलं झालंच कुठं?"

"म्हणूनच इचारतोय की! पंच इचारतील तवा काय सांगणार? बायकांचं पटंना म्हणू?"

नृसिंह पायरीवर बसून दातात काडी घालत होता. दोघा भावांत तो मऊ. मऊ माणसाला घरात सगळे भाऊ, दीर, काका म्हणतात. सभासद म्हणत नाहीत. "समदं गाव त्येच सांगतंय, दादा. गणपतराव हसंल."

"मग वखारीवरनं म्हण. मी तुला इचारत न्हाय, असं म्हण."

"ते म्हणीन," नृसिंह म्हणाला.

इतक्या चटकन म्हणाला की अंबादासाने त्याच्याकडे एकदा निरखून बघितले. मग त्याला पंचांसाठी सांगितलेल्या विड्याच्या पानांची आठवण झाली आणि तो आत गेला.

आत श्यामला पावट्याच्या आमटीला फोडणी देत होती. अंबादासाची ही बायको घरातली थोरली, पण चुलीपाशी पाहुणी. आजवर स्वयंपाक धाकट्या जावेचा, कालिंदीचा. भिंत झाली आणि श्यामलेला पुन्हा भाकरी थापायला शिकावे लागले. भाकरी फुगत नव्हती, पण आपली होती.

परसात कालिंदी गोदीची वेणी घालत होती. गोदी श्यामलेची. पोर अंगावर पीत होती तेव्हा प्लेग आला, आणि श्यामलेच्या काखेत गाठ उठली. तिला माळावरच्या दवाखान्याच्या झोपडीत नेले ते कुणी परत येईल म्हणून नव्हे. कालिंदीने पोर उचलली, कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध पाजले. पुढे श्यामला परत आली. हाडांवर कातडे, डोक्यावर केस नाहीत. तिने हात पसरले तर पोर कालिंदीच्या मानेत तोंड खुपसून किंचाळली. ते किंचाळणे श्यामलेने जपून ठेवले होते. कालिंदीला मूल झाले नाही. मग पोर तिच्याकडेच झोपू लागली, तिच्याच हातचे खाऊ लागली, आणि श्यामला बघत राहिली. सगळ्यांना वाटे, दोघी जावांचे किती पटते.

"आक्का," कालिंदी दारातून म्हणाली, "गोदीला आज तुमच्याकडं बसवून घ्या. पंच जाईस्तवर."

"माझी पोरगी माझ्याकडं बसवायला तुझी परवानगी लागती व्हय?"

"तसं न्हवं म्हणालो मी."

"मग कसं?"

कालिंदीने वेणीची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधली. "पंचांनी इचारलं की सांगायचं, मी आईपाशी जेवतो. कळलं का गं गोदे?"

"काकू, मग तुझ्याकडं कवा यायाचं?"

"दुपारी. ते पंच गेलं की."

श्यामलेने आमटी ढवळली. तिला एक गोष्ट माहीत होती. चार रात्रींपूर्वी अंबादासाने सांगितली होती: नवी पाळी मिळालेल्या माणसाने येत्या पाडव्याला पेठेत बिऱ्हाड न्यायचे, असा सभेचा नियम आहे. जागा नुसत्या विकत घेऊन ओसाड ठेवतात म्हणून सभेनेच केलेला. म्हणजे भिंत पडणार नव्हती. पलीकडची चूल उठून गावाबाहेर जाणार होती, आणि चूल गेली की कालिंदी जाणार होती. पोर मात्र अंबादासाच्या घरची. हे श्यामलेने ऐकले तेव्हा तिला दोन महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली. सकाळी तिने कालिंदीला सांगायचे ठरवले. आजही सकाळच होती.

"चल," ती गोदीला म्हणाली. गोदी मागे बघत बघत आली.

पंच जेवणवेळेला आले. सभेचे अध्यक्ष गणपतराव देहाने पुढे आणि हसण्याने त्याहून पुढे असत. त्यांच्या मागे लालासाब, शहरातले मोठे गवंडी-ठेकेदार. बारीक, पांढरी दाढी, हातात काठी. त्यांनी काठीने पायरी ठोकून बघितली आणि मगच तिच्यावर पाय ठेवला.

"या पावणं," अंबादास म्हणाला. "आसनं घातल्यात."

"मला आसन कशाला? मी जेवत न्हाय," लालासाब म्हणाले. "खायाचं काम गणपतरावांचं. मी आपला भिंत बघतो." ते आत गेले, विटांवरून हात फिरवला, चुलीमागची काजळी बघितली आणि ओसरीवर येऊन बसले. "काजळी खरी हाय. रोज धूर झालाय. भिंत मात्र भिऊन भिऊन बांधलीया. पाया घातला न्हाय."

"घाई हुती," अंबादास म्हणाला.

"वाटणीची घाई असती, खरं हाय. माणसं पाया घालत न्हाईत."

गणपतरावांनी नृसिंहाला समोर बसवले. "काय रं नरसू, राम-लक्ष्मणाची जोडी म्हणत हुतो तुमास्नी. कशानं फाटलं?"

"वखारीवरनं. दादा मला इचारत न्हाय."

"कशात?"

ठरलेले इथे संपत होते. अंबादासाने पान लावायला घेतले.

"कशातच न्हाय," नृसिंह म्हणाला. "गारगोटीचा लाकडाचा ठेका सोडला, इचारलं न्हाय. सागवान सोडून ऐनाचं लाकूड घेतलं, इचारलं न्हाय. माझं लगीन ठरलं तवा मी वखारीत हुतो, घरी आलो तर सुपारी फुटलेली."

अंबादास चुना लावता लावता हसत होता. पोरगा बरा वठवतोय, असे त्याला वाटले. एवढी हुशारी कुठे ठेवली होती याने!

"आणि प्लेगात झोपडीत आपलं आप्पा गेलं, तवा दोघांच्या देखत म्हणालं, वखार दोघांची. म्हणालं का न्हाई, दादा? पाटीवर तू तुझं एकट्याचं नाव घातलंस. मी रोज त्या पाटीखालनं जातोय. सा वरसं झाली. कवा वर बघितलं न्हाय."

अंबादासाचे हसणे पानावरच राहिले. "हे आपलं ठरलं न्हवतं," तो पटकन म्हणाला.

"काय ठरलं न्हवतं?" लालासाबांनी विचारले.

गणपतरावांचे डोळे एका भावाकडून दुसऱ्याकडे गेले आणि परत आले.

"पाटीचं," अंबादास म्हणाला. "पाटीचं ठरलं न्हवतं. रंगाऱ्यानं घातली."

नृसिंहाने त्याच्याकडे बघितले. त्या बघण्यात नाटक नव्हते, आणि अंबादासाला ते त्याच क्षणी कळले. त्याने मनातल्या मनात धाकट्याच्या नावावर एक नवीन रक्कम मांडली आणि ती कधी फिटणार नाही हेही ओळखले.

पाने वाढली. अलीकडून श्यामलेच्या पावट्याची आमटी आली, पलीकडून कालिंदीच्या वांग्याची भाजी. गणपतराव मनापासून जेवणारा माणूस. पंचपद त्यांना मानवले होते. त्यांनी आमटीत भाकरी बुडवली, चावली, पाणी प्यायले. मग वांग्याचा घास घेतला. तो चावता चावता ते हळू झाले. पुन्हा आमटी. पुन्हा वांगे.

"लालासाब," ते म्हणाले, "तिखट एकच हाय."

कोल्हापुरात वर्षाचे तिखट उन्हाळ्यात कुटतात, आणि घराघराचे वेगळे असते. कुणाचा लसूण पुढे, कुणाचे तीळ, कुणाचे खोबरे करपवलेले. आंधळ्यालाही घासावरून घर सांगता येते. सांगावकरांनी पाट वाटले, कळशा वाटल्या, वासरू वाटले. तिखटाच्या बरणीतले अर्धे दुसऱ्या बरणीत ओतले आणि वाटणी झाली असे समजले.

"उन्हाळ्यात एकत्रच हुतो की," अंबादास म्हणाला. "दिवाळीत वायलं झालो. बरणी निम्मी निम्मी केली."

"केलीसा न्हवं?" गणपतराव हसले, पण जेवायचे थांबले होते. "अंबादास, आमची वाटणी झाली त्या सांजला माझ्या बायकोनं बरणी उचलली आन् रस्त्यावर पालथी केली. म्हणाली, त्या सटवीनं कुटलेलं माझ्या पोटात नको. मी आठ दिस मीठभाकर खाल्ली. वाटणी अशी असती, बाबा. ज्या घरात तिखट निम्मं निम्मं करत्यात, तिथं अजून एकमेकांच्या हातचं गोड लागतंय."

"आमच्या बायका समजूतदार—"

"समजूतदार बायकांनी घरं वायली केलेली मी बघितली न्हाईत."

अंबादासाला पेठेतल्या छपराविना दुकानांच्या भिंती दिसू लागल्या. त्याने नृसिंहाकडे बघितले. नृसिंह कालिंदीच्या दाराकडे बघत होता.

लालासाबांनी काठी मांडीवर घेतली. "पोरीला इचारू," ते म्हणाले. "पोरीला तिखट कळत न्हाय, पण चूल कळती." श्यामलेच्या दारात गोदी पदर धरून उभी होती. "हिकडं ये, बेटी. नाव काय तुझं?"

"गोदी."

"भूक लागलीया?"

"व्हय."

"मग जेव जा की. आमच्यासाठी कशाला थांबलीस?"

ती शिकवलेली ओळ विचारलीच नाही कुणी. गोदीला कुणी विचारले असते तर ती तिने बिनचूक म्हटली असती. पण तिला जेवायला सांगितले, म्हणून ती जेवायला गेली. श्यामलेच्या हातातून पदर सोडून, ओसरीवरून, दोन्ही पंचांच्या समोरून, ती कालिंदीच्या दारात शिरली.

कालिंदी दारामागे उभी होती. तिच्या मागे चुलीशेजारी गोदीची लहान पितळी मांडलेली होती. सकाळी सवयीने मांडली होती, आत्ता दिसली. तिला नवऱ्याचे गुडघे दिसत होते आणि त्यांवर घट्ट धरलेले हात. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने चार लोकांत तोंड उघडले होते, आणि आता ते सगळे या पोरीच्या एका घासावर आले होते. नुसते त्याचेच नाही. श्यामलेच्या डोक्यावरचे छप्पर, गोदीचे पुढचे लग्नकार्य, सगळे.

तिने पायाने पितळी जात्यामागे सारली.

"काकू, वाढ."

"तुझं ताट हिकडं न्हाय."

गोदी हसली. हा खेळ तिला माहीत होता. कालिंदी कधीकधी असेच म्हणून पाठीमागून घास काढी. तिने लुगड्याला मिठी मारली.

"सोड," कालिंदी मोठ्याने म्हणाली. परक्या पुरुषांना ऐकू जाईल असे ती या घरात पहिल्यांदाच बोलत होती. "सोड म्हणतोय न्हवं! तुझी आई तिकडं हाय. तिचं पोर तिनं सांभाळावं. दुसऱ्याचं पोर पोसायला माझ्या चुलीत लाकूड न्हाय. जा!"

तिने पोरीचे दंड धरले, लुगड्यापासून सोडवले आणि तिला उंबऱ्याबाहेर केले. दार लावले. कडी घातली.

गोदी आधी रडली नाही. दाराकडे बघत राहिली, तोंड उघडे ठेवून. मग जे रडली ते ऐकून गणपतरावांनी ताटावर हात धुतले.

"बास," ते म्हणाले. "वाटणी खरी हाय."

लालासाबांनी खाली बघत दाढीवरून हात फिरवला. "खरी हाय," ते म्हणाले. "आमी आलो तवा हुती का न्हाय, ते मला ठाव न्हाय."

श्यामला ओसरीवर आली आणि पोरीला उचलून घेऊन गेली. पोरीने या वेळी तिच्या मानेत तोंड खुपसले, कारण दुसरी मान नव्हती.

निघताना गणपतरावांनी नृसिंहाच्या पाठीवर थाप मारली. "सभासद झालासा, नृसिंहराव! लिलावात तुझी पाळी धरतो. आणि पाडव्याला पेठेत चूल पेटली पायजे, ध्यानात हाय न्हवं? तू सभेत येऊन बिऱ्हाडाचं कबूल करून गेलतास, म्हणून पुन्हा सांगत न्हाय."

"ध्यानात हाय," नृसिंह म्हणाला.

कडी घातलेल्या दारामागे कालिंदीने ते ऐकले.

तिसऱ्या प्रहरी तो आत आला तेव्हा ती वांग्याची उरलेली भाजी गाडग्यात काढत होती.

"कवा गेलतासा सभेत?" तिने विचारले.

"कार्तिकात."

"म्हंजे भिंत बांधली तवाच."

"व्हय."

"दादास्नी ठाव हुतं?"

"सभेतच कळलं त्यास्नी. त्यांनी वैनीला सांगितलं आसंल."

"म्हंजे समद्यास्नी ठाव हुतं. मला आन् गोदीला सोडून."

नृसिंह खाली बसला. "तुला सांगितलं असतं तर तू आली नसतीस, कालिंदे. मला ठाव हाय. पोरीला सोडून तू नसतीस आलीस. आन् मी त्या पाटीखालनं मरंस्तवर गेलो असतो." त्याने चुलीतले लाकूड आत सारले. "तिथं आपलं घर बांधू. सागवानाचं. तुझ्या मनासारखं सैपाकघर."

"कुणासाठी रांधायचं तिथं?"

स्वतःच्या नावाची पाळी मिळालेल्या माणसाने ज्या अभिमानाने घरात यायला हवे, तो त्याला ओसरीवरच ठेवून यावा लागला होता. तो उठला आणि वखारीकडे गेला.

नृसिंह आत यायच्या आधीच कालिंदी एकदा श्यामलेच्या बाजूला जाऊन आली होती. परसातून. श्यामला जोत्यावर बसली होती आणि गोदी तिच्या मांडीवर रडून झोपली होती.

"आक्का, उठली की पाठवा तिला. मी समजूत काढतो."

"काय समजूत काढणार?"

"की ते खोटं हुतं. पंचांसाठी."

श्यामलेने पोरीच्या कपाळावरचे केस मागे केले. आवाज चढवला नाही. "आन् पाडव्याला? तवा पुन्हा सांगणार व्हय, की आता खरं हाय म्हणून? दोनदा कशाला तोडतीस तिला. एकदा तुटलंय, तसंच ऱ्हाऊ दे."

"तुमास्नी ठाव हुतं."

"हुतं. रोज सांगायचं म्हणत हुतो. जीभ उचलली न्हाय." ती कालिंदीकडे बघत नव्हती. "मी मरून आलो, कालिंदी. आलो तर माझं पोर मला बघून भ्यालं. सा वरसं मी माझ्याच घरात तिला खाताना लांबनं बघितलंय. तू वंगाळ न्हाईस. तू वंगाळ असतीस तर मी तिला कवाच भांडून घेतली असती. चांगल्या माणसाकडनं कसं मागायचं?"

कालिंदी तशीच परसातून परत आली होती.

दिवे लागले. धुके पुन्हा उतरले. सभेकडून अंबादासाला आलेला नारळ श्यामलेच्या बाजूला कुणी फोडला नाही. अंबादास ओसरीवर एकटा बसून पेठेतल्या दोन कोपऱ्याच्या जागांचा विचार करत होता आणि मधूनच वखारीच्या पाटीचा. घरातल्या जमेच्या बाजूला आज एक पाळी आली होती. नावे काय पडले ते त्याला मांडता येत नव्हते, आणि जे मांडता येत नाही ते नसतेच, असे समजून तो आजवर श्रीमंत झाला होता.

श्यामलेच्या चुलीपाशी गोदी उठली होती.

"खा की गं. एक घास."

"न्हाय."

"दूधभाकर केलीया. गूळ घातलाय बघ वर."

"न्हाय खायाचं."

"सकाळपासनं पोटात काय न्हाय तुझ्या. खा म्हणतोय न्हवं!" पितळी आपटल्याचा आवाज. पोरीचे रडणे, मग श्यामलेचा आवाज, रागावून, मग लगेच मऊ होऊन, मग नुसताच थकून. "मी काय करू गं तुला? सांग की. काय करू?"

कालिंदी चुलीपुढे बसली होती. भिंत उंच नव्हती. वरून सगळे ऐकू येई. तिला ठाऊक होते पोर का खात नाही. कुणालाच ठाऊक नव्हते, एकट्या तिला सोडून. आत्ता उठून परसातून गेली असती, तर पोरीने तिच्या हातून खाल्ले असते. दुपारचे सगळे विसरून खाल्ले असते. मग उद्याही. मग पाडव्याला.

पलीकडे पोर उपाशी रडत होती.

"आक्का," कालिंदी म्हणाली.

"काय?"

"गूळ वरनं घालू नगासा. तिला चिकट झालेलं आवडत न्हाय. बाजूला खडा ठेवा. भाकरीचा पापुद्रा काढा, आतलं मऊ तेवढं कुस्करा."

"बरं."

"आन् तिच्याकडं बघू नगासा. कुणी बघत बसलं की ती खात न्हाय. लहान हुती तवापासनं तसंच हाय. पितळी तिच्यापुढं सारा आन् पाठ करून बसा. तांदूळ निवडत बसा, काय बी करा. बोलू नगा."

"पाठ करून?"

"व्हय."

पापुद्रा काढल्याचा आवाज आला. पितळी जमिनीवरून सरकली. मग सुपात तांदूळ पडले. कालिंदी ऐकत बसली. पोरीने खावे असे तिला वाटत होते, आणि आपले सांगणे चुकीचे निघावे असेही वाटत होते. दोन्ही एकदम.

रडणे हुंदक्यांवर आले. हुंदके लांब लांब होत गेले. पलीकडे बराच वेळ नुसते सुपातले तांदूळ वाजत राहिले. मग ते थांबले.

"कालिंदी," श्यामला अगदी हळू म्हणाली, "खातीया गं."

"बघू नगासा म्हणालो न्हवं," कालिंदी म्हणाली.